लिपस्टिक पाम: आधी पाणी, मग खड्डा, शेवटी रोप

जुलैत हौसेनं आणलेला लिपस्टिक पाम फेब्रुवारीत करपतो आणि मग विचारणा होते, "याच्यावर फवारायचं काय?" फवारून काही होत नाही. रोप आधी घरी आलं, जागा नंतर शोधली, खड्डा घाईत खणला आणि पाण्याचा विचार दिवाळीनंतर सुरू झाला, तेव्हाच त्या झाडाचं भवितव्य ठरलेलं असतं. माझी स्वतःची पहिली दोन रोपं याच चुकीनं गेली. म्हणून या लेखात टप्पे ज्या क्रमानं दिले आहेत त्याच क्रमानं करा, एकही पुढे-मागे करू नका.

झाडाची ओळख थोडक्यात. शास्त्रीय नाव सिर्टोस्टॅकिस रेंडा. पोफळीच्याच कुळातला, पण केळीसारखा बुंध्याशी फुटवे काढत बेट करणारा. पानांचे देठ आणि खोडाला लपेटलेली विरी लाखेसारखी लालभडक. मूळ घर दक्षिण थायलंड, मलेशियाचं द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओ. तिथल्या सखल, दलदलीच्या जंगलात, कुजलेल्या पाल्याच्या आंबट आणि कायम भिजलेल्या थरात तो वाढतो. त्याच्या गावी कोरडा महिना नाही. आपल्याकडे गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो खरा, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे चार महिने माहेर आणि आठ महिने सासुरवास. गोव्यात या झाडाची सगळी मेहनत त्या आठ महिन्यांसाठी आहे.

टप्पा १: जागा एप्रिलमध्ये बघा

पावसाळ्यात परसातली प्रत्येक जागा चांगली दिसते. म्हणून जागा एप्रिलमध्ये ठरवायची, तीही दुपारी दोन ते चार या वेळात उभं राहून. त्या वेळी जिथे पश्चिमेचं ऊन थेट भाजून काढतं, ती जागा लहान रोपासाठी बाद. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर घराची किंवा आंबा-फणसाची विरळ सावली मिळते, ती जागा उत्तम. झाड मोठं झाल्यावर, पाणी भरपूर असेल तर, पूर्ण उन्हातही छान राहतं आणि लाल रंग उलट जास्त खुलतो. पण पहिली दोन-तीन वर्षं सावली हवीच. काळोख्या कोपऱ्यात मात्र लावू नका. तिथे झाड जगतं, पण लांबुडकं होतं आणि रंग मळकट राहतो.

जागेच्या बाबतीत चार चुका मी सतत बघतो.

पहिली, कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लावणं. भिंत बांधताना पडलेलं सिमेंट, चुना, गिलाव्याचे तुकडे तिथल्या मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि माती अल्कधर्मी करतात. आपली जांभ्याची तांबडी माती मुळात आंबट, या झाडाला सोयीची, आणि नेमकी तीच आपण बांधकामाच्या राडारोड्यानं बिघडवतो. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, की कारण बहुतेक वेळा हेच. भिंतीपासून निदान २ मीटर आत या. तेवढी जागा नंतर बेटालाही लागते, कारण जमलं तर ते २ ते ३ मीटर रुंद आणि ५-६ मीटर उंच होतं.

दुसरी, माडाखाली लावणं. वरून पडलेली एक झावळ पाच वर्षांचं बेट मधून फाडते. नारळाचं तर बोलायलाच नको.

तिसरी, समुद्राकडचा वारा. किनाऱ्यालगतच्या घरांत वाऱ्याबरोबर येणारं खारं तुषार पानांची टोकं जाळतं. मधे घर किंवा दाट कुंपण असेल तरच लावा. शिंपल्यांची रेव असलेल्या जमिनीतही हे झाड पिवळं पडतं, कारण शिंपला म्हणजे चुनाच.

चौथी, न्हाणीच्या पाण्यावर भरवसा. आपल्याकडे न्हाणीचं पाणी केळीला आणि माडाला सोडायची जुनी रीत आहे, आणि ती झाडं ते सोसतात. हे सोसत नाही. साबण आणि त्याहून वाईट म्हणजे कपड्यांच्या मशीनचं पाणी, या दोन्हींतला क्षार त्याच्या मुळांशी साठतो.

कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, असलेल्यांना मात्र हेवा वाटावा अशी सोय आहे. पोफळींमधून वाहणाऱ्या पाटाच्या कडेला, वरच्या फटीतून ऊन उतरतं अशी जागा शोधा. फोंडा-सत्तरीकडच्या झऱ्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या कुळागरात या झाडाला गोव्यातलं सगळ्यात जवळचं माहेर मिळतं.

टप्पा २: पाण्याची सोय, रोपाच्या आधी

जागा ठरल्यावर लगेच नर्सरीत पळू नका. आता मे महिन्यातलं पाणी बघायचं. डिसेंबरमधली विहीर सगळ्यांचीच भरलेली असते.

पाणी किती लागतं? कमरेएवढ्या बेटाला मी उन्हाळ्यात रोज १५ ते २० लिटर देतो, माणसाच्या उंचीच्या वर गेलेल्याला ३० च्या आसपास. हे आकडे माझ्या परसातल्या तांबड्या मातीचे आणि जाड आच्छादनाचे आहेत. रेताड जमिनीत जास्त लागेल. ठिबक लावायचं असेल तर ताशी ४ लिटरचे २ ड्रिपर २ तास चालवले की १६ लिटर होतात. एकदम ओतण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं दिलेलं बरं.

पाण्याचा प्रकार प्रमाणाइतकाच महत्त्वाचा. बार्देश, तिसवाडी, सासष्टीच्या किनारपट्टीत आणि खाजनांजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांजवळ) काही विहिरी शिगम्यानंतर, म्हणजे होळीनंतर, मचूळ होतात. माडाला ते चालतं, याला नाही. नळाचं पाणी चालेल, पण क्लोरिनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या पिंपात ठेवून द्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बहुतेक जण गटारात सोडतात. त्यात क्षार जवळपास नसतात, ते बादलीत धरा. दिवसाला मिळतं थोडंच, पण कुंडीतल्या झाडाला पुरतं.

*पडताळा:* मे महिन्यात विहिरीचं पाणी तोंडात घेऊन बघा. जरा जरी खारट लागलं तर त्यावर हे झाड पोसायचा बेत सोडा. शिवाय पाणी उकळायच्या भांड्यात पांढरी खपली धरते का बघा. धरत असेल तर पाणी जड आहे, त्यात पावसाचं किंवा एसीचं पाणी मिसळावं लागेल.

*सांभाळा:* घर आठवडाभर बंद राहणार असेल आणि पाणी घालायला शेजारीपाजारी कोणी नसेल, तर टायमरवर चालणारं ठिबक बसवल्याशिवाय हे झाड आणू नका.

टप्पा ३: खड्डा, मे महिन्यात

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. खड्डा एकदाच होतो, नंतर दुरुस्त करता येत नाही.

माप: ३ फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट खोल. तळाला जांभा लागला तर तिथेच थांबू नका. पहारीनं तो निदान वीतभर फोडा. न फोडलेला जांभा म्हणजे दगडी टाकीच. पहिल्या पावसाळ्यात त्यात पाणी कोंडतं, कुबट होतं, आणि अजून न रुजलेली मुळं सडतात. वाचकाला इथे शंका येईल की दलदलीतल्या झाडाला पाण्याचं भय कसलं? भय कोंडलेल्या पाण्याचं आहे. रुजलेलं बेट घोटाभर पाण्यातही उभं राहतं, आणि ते पाणी हलतं, बदलतं असेल तर खुशाल राहतं. नुकतंच लावलेलं, मुळं न पसरलेलं रोप मात्र घट्ट चिकणमातीत गुदमरतं.

आता थर.

तळाला नारळाची सोडणं पसरायची, खोलगट बाजू वर करून, म्हणजे प्रत्येक सोडण पाण्याची वाटी होते. माडाच्या खड्ड्यात करतात तसंच. सोडणं ताजी नकोत. जुनी, एक पावसाळा खाल्लेली घ्या, किंवा दोन-तीन पाणी बदलून आठवडाभर भिजवून घ्या. त्यावर मूठ-दोन मूठ नीमपेंड भुरभुरा, सोडणांना वाळवी लवकर लागते.

वरचं मिश्रण: २ घमेली खणलेली तांबडी माती, २ घमेली कुजलेला पालापाचोळा, १ घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, १ घमेलं धुतलेलं कोकोपीट. हे प्रमाण आहे, खड्डा भरेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. पालापाचोळा आंबा, फणस, काजू कुठलाही चालेल, पण तो हातात चुरा होण्याइतका कुजलेला हवा. कोकोपीट धुवायचं विसरू नका, त्यात मीठ असतं. शेणखत अर्धवट असेल तर त्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या असतात, आणि तुम्ही स्वतःच्या हातानं त्या माडाच्या भावंडापाशी नेऊन सोडाल.

आणि आता जे घालायचं नाही ते. राख नको. चुना नको. मीठ तर अजिबातच नको. माझा खड्डा भरताना मदतीला आलेला गडी, आयुष्यभर माड लावलेला जाणता माणूस, सवयीनं मिठाची पिशवी घेऊन उभा राहिला. "पात्रांव, दोन मुठी घालतो, माड जोमानं येईल." माडासाठी त्याचं बरोबरच होतं. पण हा माड नव्हे. चुलीतली राखही आपण आदरानं झाडांना घालतो, आणि या झाडाच्या बाबतीत तीच राख माती अल्कधर्मी करून त्याचं लोह अडवून ठेवते.

माती भरून झाल्यावर खड्डा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ३-४ इंच खाली राहू द्या. बाकी शोभेच्या झाडांना उंचवटा करतात, याला खोलगट आळं हवं. आळ्याच्या उताराकडच्या काठाला एक वाट ठेवा, म्हणजे मुसळधार पावसात जादा पाणी तिथून निघून जाईल आणि उन्हाळ्यात तीच वाट मातीनं बुजवली की पाणी आत राहील.

*पडताळा:* भरलेल्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. दहा मिनिटांत नाहीसं झालं तर कुजका पाला आणि कोकोपीट वाढवा. तिसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल आणि वास येत असेल, तर खाली जांभा फुटलेला नाही. पुन्हा उपसा आणि फोडा.

मातीचं परीक्षण करून घ्यायचं असेल तर विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा. भिंतीजवळची किंवा भराव टाकलेली जमीन असेल तर ते कराच.

टप्पा ४: रोप निवडणं आणि घरी आणणं

खड्डा पावसाचं एक-दोनदा पाणी पिऊन बसला, की मग नर्सरी.

आधी ओळख पटवा. पिवळ्या देठांचा, सगळीकडे दिसणारा 'अरेका पाम' वेगळा. केशरी देठांचा, बेट करणारा आणखी एक पाम मिळतो, तोही वेगळा. नुसतं नवं पान लाल आणि बाकी हिरवं, खोड एकच, तर तेही हे नव्हे. लिपस्टिक पाममध्ये देठ आणि विरी लाल असतात, पान हिरवंच असतं. गुडघ्याखालची रोपं मात्र हिरवी किंवा तपकिरीच दिसतात. रंग वाढत्या वयाबरोबर चढतो, म्हणून लहान रोप घ्यायचं तर शेजारी त्याच लॉटमधलं मोठं झाड लाल आहे का ते बघून घ्या.

उंच रोपाचा मोह टाळा. दोन फुटांचं, तीन-चार फुटवे असलेलं, भरलेल्या पिशवीतलं रोप सहा फुटांच्या एकांड्या रोपापेक्षा लवकर रुळतं. मधली सुई, म्हणजे न उघडलेलं नवं पान, दोन बोटांत धरून अगदी हलकेच ओढून बघा. निघून हातात आली किंवा खालून बुळबुळीत लागली, तर ते रोप खाली ठेवा. विरीच्या बेचक्यात पांढरा कापूस, म्हणजे पिठ्या ढेकूण, आहे का तेही बघा. पिशवीच्या तळातून मुळं डोकावत असली तर चांगलंच. माती पिशवीत सैल खेळत असेल तर रोप नुकतंच भरलंय, ते घेऊ नका.

घरी आणताना उघड्या पिकअपमध्ये उभं करून आणू नका. मी एकदा आणलं. तासाभराच्या वाऱ्यानं त्या रोपाची सगळी पानं आठवड्यात वाळली, आणि पुन्हा सावरायला त्याला दीड वर्ष गेलं. आडवं करा, पानं गोणपाटात गुंडाळा, पिशवी ओली करा.

*सांभाळा:* घरी आल्या आल्या लावू नका. पिशवीसकट त्या जागेजवळच्या सावलीत ठेवा, खाली पसरट ताटलीत दोन इंच पाणी. दोन ते तीन आठवडे. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आलेलं पान आपल्या उजेडाला सरावायला तेवढा वेळ लागतो. रोज थोडं थोडं उजेडाकडे सरकवा.

टप्पा ५: लावणी

मृगाचा पहिला जोर ओसरून जमीन आतून गार झाली की वेळ आली. साधारण सांजावपासून (२४ जून) श्रावणाच्या मध्यापर्यंत. चतुर्थीनंतर लावलेल्या रोपाला मुळं पसरायला महिना-दीड महिनाच मिळतो आणि तोंडावर ऑक्टोबरचं ऊन येतं. तेव्हा उशीर झालाच असेल तर पुढच्या जूनपर्यंत पिशवीतच सांभाळा. वर्ष वाया जात नाही, रोप वाचतं.

१. खड्ड्याच्या मधोमध पिशवीएवढी जागा हातानं करा.

२. पिशवी दोन बाजूंनी ब्लेडनं चिरा आणि मातीचा गड्डा अखंड खाली ठेवा. मुळं मोकळी करायची, विंचरायची, टोकं छाटायची, यातलं काहीही करू नका. या झाडाची मुळं दुखावणं परवडत नाही.

३. पिशवीतली मातीची पातळी आणि खड्ड्यातली पातळी एक ठेवा. बुंधा खोल पुरला तर फुटवे सडतात, उघडा राहिला तर नवी मुळं जमिनीला न टेकता वाळतात.

४. भोवती माती लोटा आणि पाण्यानं बसवा. पायानं दाबू नका.

५. कुजत आलेला पाला, वर तुकडे केलेल्या झावळ्या असं ४ इंच आच्छादन. फुटव्यांना टेकणार नाही इतकं, चार बोटं लांब.

६. पश्चिमेकडून दोन-तीन झावळ्या रोवून आडोसा.

झावळ्यांचा हा आडोसा पावसात निरुपयोगी वाटतो, आणि लोक तो चतुर्थीच्या साफसफाईत काढून टाकतात. तो पावसासाठी नाहीच. तो पुढच्या मे महिन्यापर्यंत राहायला हवा. कुजला तर नवीन रोवा.

*पडताळा:* मार्करनं सुईवर आणि तिच्या शेजारच्या देठावर मिळून एक आडवी रेघ मारा. पंधरा दिवसांनी सुईवरची रेघ वर सरकलेली दिसली तर मुळं कामाला लागली. दीड-दोन महिन्यांत जराही हलली नाही तर माती उकरून वास घ्या. वर्षाला बेताचीच पानं काढणारं झाड आहे, तेव्हा रोज मोजमाप करून जीव टांगणीला लावू नका.

टप्पा ६: दसऱ्यापासून पहिल्या पावसापर्यंत

झाडं मरतात ती इथे.

पाऊस थांबतो आणि माती वरून ओली दिसत राहते. ऑक्टोबरचं ऊन तिला आठवड्यात आतून सुकवतं, आणि तोपर्यंत आपण निर्धास्त असतो. म्हणून नियम साधा ठेवा: सलग तीन दिवस पाऊस नाही म्हणजे पाणी सुरू. आच्छादन बाजूला करून बोट दोन पेरं आत घाला. बोटाला माती चिकटली पाहिजे. नुसती गार लागणं पुरेसं नाही.

दिवाळीच्या आधी आच्छादन दुप्पट करा. सोडणं आळ्यात गोल मांडा, या वेळी फुगीर बाजू वर करून. पोफळीच्या विऱ्या मिळाल्या तर त्याही. जमीन कुठेही उघडी दिसता कामा नये.

डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्याला थंडीचा त्रास नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या आतल्या भागांत पहाटे बराच गारठा पडतो, तिथे वाढ थांबते. थांबू द्या. वाढावं म्हणून खत घालू नका. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी ऊन आल्यावर द्या.

फेब्रुवारीपासून दुपारपर्यंत पूर्वेचा कोरडा वारा सुटतो, आणि पानांच्या खालच्या बाजूला बारीक कोळी येतात. पान धुळकट, फिकट दिसू लागतं. औषधाच्या आधी साधं पाणी वापरा. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या खालून नळीनं जोरात धुवा. कोळ्याला ओलं आवडत नाही, आणि या झाडाला तेच हवं असतं.

शिगम्यापासून पहिल्या पावसापर्यंत एकही दिवस चुकवू नका. इतर झाडं एक दिवस मान टाकतात आणि दुसऱ्या दिवशी पाणी मिळालं की उभी राहतात. हा पाम मान टाकत नाही. आठवडाभर ठणठणीत दिसतो आणि मग पान टोकाकडून तपकिरी होत देठापर्यंत येतं. तोपर्यंत बारीक मुळं गेलेली असतात. एकदा तसं झालं तर घाबरून पाण्याचा मारा करू नका. सावली वाढवा, नेमानं पाणी द्या, वाळलेलं पान पूर्ण वाळेपर्यंत ठेवा आणि पावसाची वाट बघा.

टप्पा ७: खत कमी, पान वाचणं जास्त

रुजल्यावर पहिले सहा महिने काहीही देऊ नका. त्यानंतर जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये दोन-तीन किलो गांडूळखत आच्छादनाखाली पसरायचं. माझ्या बेटाला बहुतेक वर्षी एवढंच पुरतं.

वरखत लागतंय का, ते पानं सांगतात. जुन्या पानांवर केशरी-पिवळे ठिपके आणि टोकाकडून करपा असेल तर पालाश कमी आहे. सल्फेट ऑफ पोटॅश द्या, दोन-तीन चमचे, ओल्या मातीत, महिन्याच्या अंतरानं. म्युरेट ऑफ पोटॅश माडाला घालतात, त्यातलं क्लोराइड इथे नको. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या आणि मध्य हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या असतील तर लोह अडलंय. चिलेटेड लोहाची फवारणी तात्पुरती मदत करते, पण मूळ कारण मातीतला किंवा पाण्यातला चुना आहे, ते शोधा. युरिया तर दूरच ठेवा.

पिवळं पडू लागलेलं जुनं पान कापायची घाई करू नका. झाड त्यातला पालाश काढून नव्या पानाला देत असतं. तुम्ही ते कापलंत की त्याच्या वरचं पान पिवळं पडतं, मग तेही कापलं जातं, आणि शेवटी शेंड्याशी दोनच पानं उरतात.

विरी ओढून काढणं ही आणखी एक सवय. लाल रंग दिसावा म्हणून अर्धवट सुटलेली विरी लोक खेचतात, आणि खालचं कोवळं खोड सोललं जातं. पोफळीची विरी जशी आपसूक गळते तशी हिचीही गळते. थांबा.

टप्पा ८: फुटवे

बेट पाहुण्यांना आवडतं आणि जाताना प्रत्येकाला एक फुटवा हवा असतो. द्यायला मलाही आवडलं असतं. पण केळीचा मुनवा खणून दिला की तो कुठेही लागतो, तसं इथे होत नाही. या फुटव्याला स्वतःची मुळं बऱ्याच उशिरा येतात. सरळ कापून लावलेले बहुतेक मरतात, आणि आईच्या अंगावर जखम राहते ती वेगळीच.

पहिली चार-पाच वर्षं बेटाला हात लावू नका. नंतर करायचंच असेल तर कडेचा, तीन-चार पानांचा एक फुटवा निवडा. जूनमध्ये त्याच्या बुंध्याभोवती तळ नसलेली कुंडी किंवा जुनी टोपली बसवा, ती कुजक्या पाल्यानं आणि कोकोपीटनं भरा आणि वर्षभर ओली ठेवा. पुढच्या जूनमध्ये बोटानं चाचपा. नवी, पांढऱ्या टोकाची मुळं लागली तरच धारदार, पुसून स्वच्छ केलेल्या कोयत्यानं आईशी असलेला सांधा अर्धा कापा. महिन्या-दीड महिन्यानं उरलेला अर्धा. मग मातीच्या गड्ड्यासकट कुंडीत, गर्द सावलीत, ताटलीत पाणी ठेवून. नवी सुई वर येईपर्यंत कोणालाही देऊ नका.

बियांपासून करायचं तर काळ्या, पिकलेल्या फळाचं ताजं बी हवं. पाकिटात वाळून आलेलं बी बहुधा मेलेलंच असतं. गर काढून ओल्या कोकोपीटमध्ये, झाकलेल्या डब्यात, उबदार जागी ठेवा. उगवायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात.

पावसाळ्यातले दोन शत्रू

आफ्रिकन गोगलगायी जूनपासून कोवळी सुई खातात. रात्री बॅटरी घेऊन वेचा, हातमोजे घालून. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, पण झाडाच्या आळ्यात मीठ टाकून त्या मारू नका आणि ती बादलीही आळ्यात उपडी करू नका.

पिठ्या ढेकूण विरीच्या आत लपतो. कडुलिंबाचं तेल ५ मिलि, १ लिटर पाण्यात, दोन-तीन थेंब पातळ साबण मिसळून, उघडीप बघून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा.

कुंडीत लावणार असाल तर

माती नाही, जागा नाही, अशांना कुंडी जमते, आणि पाण्यावर ताबा सोपा पडतो. निदान १८ इंचांची, प्लास्टिकची किंवा फायबरची घ्या. मातीची कुंडी बाजूनं पाणी पिते. सिमेंटची तर घेऊच नका. खाली मोठं ताट, त्यात दोन-तीन इंच पाणी कायम. ते पाणी आठवड्यातून दोनदा पूर्ण ओतून बदला, नाहीतर डास होतील. महिन्यातून एकदा वरून इतकं पाणी द्या की खालून धो धो वाहून जाईल आणि साठलेला क्षार धुतला जाईल. जागा बाल्कनीत किंवा पडवीत. एसीच्या खोलीत ठेवू नका, तिथली कोरडी हवा महिन्याभरात टोकं जाळते.

रंग का येत नाही?

रोप रुजलं, वाढतंय, फुटवेही आले, पण देठ अजून हिरवट-तपकिरी. ही तक्रार तिसऱ्या वर्षी येते. कमरेच्या खाली असेल तर काही करू नका. छातीएवढं होऊनही रंग मळका असेल तर उजेड कमी पडतोय. वरच्या आंब्याच्या एक-दोन फांद्या जूनमध्ये विरळ करा. जूनमध्येच, कारण तेव्हा ढग असतात आणि पानं करपत नाहीत. एकदम सगळी सावली काढू नका. मग दिवाळीच्या सुमारास, जुनी विरी आपणहून गळाल्यावर, तिच्या खालून निघालेली नवी विरी बघा. रंग आधी तिथे दिसतो.